त्या लाल तारकागुच्छांचं भांडण

सुवर्णाताई, तुझं मत अजून आपल्या तक्त्यात तसंच आहे. माझ्या मताच्या शेजारी आणि माझ्या मताच्या विरुद्ध. तू गेल्यापासून मी ती फाइल उघडते, बघते आणि बंद करते. तू असतीस तर म्हणाली असतीस, उघडलीस ना, मग काम कर.

कॉलेजच्या शोकसभेत मला बोलायला सांगितलं होतं. मी मान हलवून नाही म्हटलं आणि मागच्या रांगेत जाऊन बसले. तू किती हसतमुख होतीस, हे ऐकत राहिले. मला तर तू आठवतेस ती कपाळाला आठ्या घालून स्क्रीनकडे वाकलेली, चष्मा डोक्यावर चढवून तोच शोधणारी. मी उठून तसं सांगितलं असतं तर लोक कदाचित हसले असते. पण सभेत उभं राहायच्या नुसत्या विचारानेच माझे हात गार पडतात, हे तुला माहीत होतं. तू मला त्यावरून कधी चिडवलं नाहीस. बाकी सगळ्यावरून चिडवलंस.

एम.एस्सी.ला तू आम्हाला शिकवायचीस, तेव्हा मी तुला मॅडम म्हणायचे. पुण्याच्या सरांच्या संशोधन गटात मला पीएच.डी.ला घेऊन गेलीस, तेव्हाही मॅडमच. मग एकदा घणसोली गावात तुझ्या घरी आले आणि जिन्यातच तू म्हणालीस की कॉलेजच्या गेटाबाहेर मॅडम नाही, इथे मॅडम म्हटलंस तर आमचे भाडेकरू हसतील. मी ताई म्हणायला लागले, पण 'तुम्ही' काही सुटेना. शाळा इंग्लिश मीडियमची, घरी बाबांचं पुस्तकी मराठी, मोठ्यांना 'तू' म्हणायला जीभच वळत नव्हती. 'तू' आलं ते भांडणात. तुम्ही चुकताय असं मला म्हणता येईना. तू चुकतेयस, असं मात्र पटकन तोंडातून गेलं. मी घाबरले, आणि तू खुर्ची ओढून जवळ घेतलीस. म्हणालीस, "हां, आता बोल. कुठं चुकले?"

त्या खोलीत मी जितकी बोलले तितकी आयुष्यात कुठेच बोललेली नाही.

तुझ्या वडिलांनी जुनं घर पाडून चार मजले चढवले, खालचे भाड्याने दिले आणि वरच्या कोपऱ्यातली खोली तुला अभ्यासाला दिली. खिडकी उघडली की समोरच्या घराची खिडकी इतकी जवळ की त्यांच्या तव्यावरच्या बोंबलांचा वास थेट आपल्या दीर्घिकेवर यायचा. आकाश तर दिसायचंच नाही. गावातले लोक तुला विचारायचे, गच्चीवर दुर्बीण लावलीस का. तू म्हणायचीस, दुर्बीण वर अवकाशात लावलीय, मी फक्त फोटो बघते. त्यांची निराशा व्हायची. माझ्या आईचीही झाली होती.

पण फोटो बघणं हेच काम होतं. शेजारच्या एका दीर्घिकेत हजारो तारे एकत्र जन्मून एकत्र राहिलेत, असे तारकागुच्छ शोधायचे. ते किती जुने ते ठरवायचं. आणि ज्या वायूच्या ढगातून ते जन्मले तो ढग अजून भोवती आहे की त्यांनी उडवून लावला, ते बघायचं. रंगावरून वय संगणक काढतो. निळा म्हणजे तरुण. लाल निघाला की पंचाईत. म्हातारा गुच्छ लाल असतो, आणि धुळीत गुंडाळलेला अगदी नवा गुच्छही लालच दिसतो. तिथे संगणक दोन उत्तरं देतो आणि माणसाला डोळ्यांनी ठरवावं लागतं. आपण दोघी वेगवेगळ्या बसून, एकमेकींचं न बघता मत द्यायचो. मग शनिवारी तुझ्या खोलीत ज्या ज्या ठिकाणी मतं जुळत नाहीत ती काढून भांडायचो. नियम तुझाच होता. कितीही भांडा, पण तक्त्यातलं दुसरीचं मत आपण बदलायचं नाही. जिला पटलं तिने स्वतःच्या हाताने स्वतःचं बदलायचं.

कधी मी बदलायचे, कधी तू. बदलताना तू जीभ चावायचीस.

एकाच गोष्टीवर मी तुझ्यावर खरंच रागवायचे. तू गुच्छांना नावं द्यायचीस. लांबट दिसला की बोंबील, पाकळ्या सुटल्यासारखा दिसला की लसूण, आणि एक मोठ्या गुच्छाला चिकटून बसलेला, त्याचं नाव शेजारीण. मी म्हणायचे की नाव दिलं की आपण त्याला ओळखायला लागतो, आणि ओळखीच्या माणसाबद्दल कोणी निःपक्ष असतं का. तू म्हणायचीस, तुझं बरं आहे, तू कोणालाच ओळखत नाहीस. टोमणा होता, पण मला त्यात बरं वाटलं होतं, का ते माहीत नाही.

आणि मग ते लाल गुच्छ आले. दीर्घिकेच्या एका बाहूच्या आतल्या कडेला, धुळीच्या काळ्या पट्ट्यालगत, ओळीने. मी सगळ्यांना म्हातारे म्हटलं, तू सगळ्यांना तरुण. इतकं सरळ उलट आपलं कधीच झालं नव्हतं. आणि नेमकं तिथेच माझ्या प्रबंधाचं सगळं टेकलेलं होतं. ते म्हातारे असतील तर माझं म्हणणं उभं राहतं, की गुच्छ जन्मल्यावर लवकरच भोवतालचा वायू झटकून टाकतो. ते तरुण असतील तर कितीतरी गुच्छ बराच काळ त्या वायूत आणि धुळीत गुंडाळलेलेच राहतात, आणि आपण त्यांना म्हातारे समजून मोजत आलोय.

आठवतंय ना, तुझ्या चुलतभावाच्या हळदीचं आमंत्रण द्यायला तू मला स्कूटरवर मागे बसवून उलव्याला नेलंस. नवीन विमानतळाच्या बाजूला जिकडे तिकडे बांधकामं. एका सिग्नलला थांबलो तेव्हा तू हेल्मेटमधून ओरडत म्हणालीस की समोरच्या दोन बिल्डिंग बघ. दोन्ही मळकट, दोन्ही सारख्याच जुनाट. जवळ गेल्यावर दिसलं की एक खरंच जुनी होती, आणि दुसरी अजून पुरी व्हायची होती, नुसती बांधकामाची जाळी धुळीने माखलेली.

"तुझे म्हातारे असे आहेत," तू म्हणालीस. "जाळीतले."

मी म्हटलं, जाळीतल्या बिल्डिंगवर क्रेन तरी दिसते. नवे तारे भोवतीचा वायू तापवतात, तो चमकतो. इथे चमक कुठेय?

"क्रेन पलीकडच्या बाजूला असली तर?"

मी म्हटलं, असं म्हणत गेलं तर कुठल्याही लाल गुच्छाला तरुण म्हणता येईल, पुरावा दिसत नाही हाच पुरावा होईल. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. सिग्नल कधीचाच सुटला होता. तू त्याला हात दाखवलास आणि मला म्हणालीस की मग ते सगळे एका ओळीत का उभे आहेत ते सांग. म्हातारे होईपर्यंत गुच्छ जन्मस्थान सोडून पांगतात. हे अजून धुळीच्या काठाला रांग लावून का आहेत?

त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. आणि चमक का दिसत नाही याचं उत्तर तुझ्याकडे नव्हतं.

रेडिओ दुर्बिणींनी काढलेला थंड वायूचा नकाशा तरी निकाल लावेल असं वाटलं होतं. हळदीच्या शनिवारी आपण तो फोटोंवर ठेवून बघितला. वायू तिथे होता, भरपूर होता. पण नकाशा इतका जाडाभरडा की एका डागाखाली आपले चार-पाच गुच्छ झाकले जात होते. वायू त्यांच्याभोवती आहे की त्यांच्या मागे, सांगता येईना. तू म्हणालीस बघ, वायू आहे. मी म्हटलं, मागे आहे. तू काहीतरी बोलायला लागलीस आणि खाली हळदीचा बँड सुरू झाला. खिडकीची काच थरथरायला लागली. तू तोंड जवळ आणून काहीतरी म्हणालीस, मला कळलं नाही. मग हातानेच खूण केलीस की पुढच्या शनिवारी, आणि मला ओढत खाली नेलंस. मी भिंतीला टेकून उभी होते. तू नाचत होतीस. मध्येच माझ्याकडे बघून गालाला बोटभर हळद फासून गेलीस.

पुढच्या शनिवारी तुला ताप होता. त्याच्या पुढचा शनिवार आलाच नाही.

बँडमध्ये तू काय म्हणालीस, ते मी रोज ऐकायचा प्रयत्न करते. बहुतेक 'जेवून जा' असेल. पण कधी वाटतं, तुला काहीतरी सुचलं होतं. एखादा मुद्दा, ज्याने माझं सगळं कोसळलं असतं. आणि मग मला तो मुद्दा मीच शोधून काढायला हवा असं वाटतं, आणि तो सापडू नये असंही वाटतं.

सरांनी फोन केला तेव्हा फार हळू बोलत होते. म्हणाले पेपर आता थांबवता येणार नाही, बाकीच्या लोकांच्या नोकऱ्या आणि अर्ज त्यावर अडलेत. ते बरोबरच होतं. मग म्हणाले, जिथे मतं जुळत नाहीत तिथे आपल्याबरोबर काम करणाऱ्या परदेशातल्या गटातलं कोणीतरी तिसरं मत देईल, बहुमत धरू. किंवा सोपं म्हणजे तुझंच धरू, तू सगळ्यात जास्त वेळ त्या भागावर घालवलायस. पेपर सुवर्णाला अर्पण करू. तुझ्या प्रबंधालाही ते सोयीचंच पडेल.

सोयीचं हा शब्द त्यांनी चांगल्या मनाने वापरला, ताई. पण मला त्यानंतर जेवण गेलं नाही.

मी ठरवलं, पुन्हा पहिल्यापासून बघायचं. अगदी कोऱ्या डोळ्यांनी. तू तरुण का म्हणालीस ते मनात धरायचं नाही, मी म्हातारे का म्हटलं तेही नाही. सीवूड्सच्या घरात खोलीचं दार लावून बसले. आई दोनदा चहा ठेवून गेली, तो तसाच गार झाला. पहिल्या दिवशी मला सगळे तरुण दिसले. मी इतकी हलकी झाले की जाऊन आईशी गप्पा मारल्या. दुसऱ्या दिवशी तेच सगळे म्हातारे दिसले आणि कालचं हलकेपण म्हणजे फक्त तुझी आठवण होती हे कळलं. मी तुझ्या बाजूने मत दिलं तर ते ताऱ्यांबद्दल असेल की तुझ्याबद्दल? आणि तुझ्या विरुद्ध दिलं, तर ते प्रबंधासाठी नाही हे मी कोणाला सांगणार? मला स्वतःलाच सांगता येत नव्हतं.

मग एक युक्ती केली. सगळ्या चित्रांचा क्रम बदलला, काही फिरवली, काही आरशासारखी उलटी केली, आजूबाजूचा भाग कापून टाकला. कुठला वादातला आणि कुठला नाही ते कळूच नये म्हणून. पहिलं चित्र उघडलं. तो लसूण होता. उलटा केलेला, पण लसूणच. दुसरा ओळखीचा नव्हता, तिसरी शेजारीण. मी लॅपटॉप मिटला आणि तुझ्यावर चिडले. तू गेल्यानंतर पहिल्यांदा चिडले. मग रडले, तेही बहुतेक त्या चिडण्यामुळेच.

शनिवारी सवयीने घणसोलीला गेले. काही काम नव्हतं. तुझ्या आईने दार उघडलं, मला बघितलं, आणि काही न विचारता आत जाऊन भाकरी टाकायला घेतली. स्वयंपाकघराच्या दारात मी उभी राहिले. काय बोलावं ते मला कधीच कळत नाही आणि त्या दिवशी तर अजिबातच कळत नव्हतं. त्याच बोलल्या, भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता.

"तुमी दोगी वर भांडाच्या, तवा मना खाली आयकू यायचा. मना बरा वाटायचा गो."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. त्या म्हणाल्या की घरात तुझ्याशी कोणी भांडायचंच नाही. तू इतकी शिकलेली, सगळे तुझ्यापुढे गप्प बसायचे. वडीलसुद्धा. तू काही म्हणालीस की सगळे हो म्हणायचे आणि मग तू चिडून वर निघून जायचीस. शनिवारी तेवढा वरून आवाज यायचा. मग त्यांनी विचारलं, "तिचा काम अर्धा रायला का?"

मी हो म्हटलं. म्हटलं, माझं आणि तिचं एका गोष्टीवर जमलं नव्हतं, ते तसंच राहिलं. त्यांनी भाकरी उलटली. "मंग आता? तुजाच खरा?"

तुझ्या आईला तारकागुच्छ काय ते माहीत नाही, आणि त्या मला काही शिकवायला बोलल्या नव्हत्या. साधा प्रश्न होता. गावात जमिनीवरून भाऊ-भाऊ भांडतात आणि एक गेला की दुसऱ्याचंच खरं होतं, तसं झालं का, इतकंच त्यांना विचारायचं होतं. मी नाही म्हटलं. नाही म्हटल्यावर मला धडकी भरली, कारण ते खरं करण्यासाठी मला सगळ्या गटाच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये बोलावं लागणार होतं.

आपल्या मीटिंगा तुला माहीत आहेत. दर वेळी माझा कॅमेरा बंद, माईक बंद. माझं काम असलं तरी तूच सांगायचीस, आणि मध्येच, हा मुद्दा हिचा आहे बरं का, असं माझं नाव घेऊन पुढे जायचीस. मीटिंगच्या संध्याकाळी मी काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं. मग तो कागद वाचला तर मलाच ते खोटं वाटलं, म्हणून फाडला. पाणी पिऊन आले. माईक बंद आहे ना ते बघितलं, मग चालू होतो ना ते बघितलं, मग पुन्हा बंद केला. सर सुरुवातीला तुझ्याबद्दल थोडं बोलले. मग ते म्हणाले की वादातल्या गुच्छांचा प्रश्न आता बहुमताने मिटवू, कोणाची हरकत नसेल तर पुढे जाऊ.

हरकत नसेल तर हे वाक्य किती पटकन संपतं.

मी माईक चालू केला. माझा आवाज मला दुसऱ्याच कोणाचा तरी वाटला. मी हरकत आहे असं म्हटलं आणि मग तुझी बाजू मांडायला लागले. ते ओळीने का उभे आहेत. ओळीने म्हातारे होणं का कठीण आहे. धूळ इतकी दाट असेल तर चमक का दिसणार नाही. उलव्याच्या जाळीचं उदाहरण इंग्रजीत सांगताना अडखळले, तर सरच हसून मदतीला आले. मी इतकं नीट बोलले की मला भीती वाटली, मलाच हे पटत तर नाहीये ना. नव्हतं पटत. चमकेचं कोडं तसंच होतं. ते तू सोडवलं नव्हतंस, आणि मला तुझ्यासाठी सोडवता आलं नाही.

परदेशातल्या गटातल्या एका बाईंनी शांतपणे विचारलं, की मग तुझं मत तू बदलतेयस असं धरायचं का?

नाही, मी म्हटलं. "मला अजूनही वाटतं की ती चुकतेय. पण तिचं मत बदलण्याचा हक्क फक्त तिला होता. आम्ही तसं ठरवलं होतं."

मला वाटलं आता सगळं संपलं, मी काहीतरी पोरकट बोलले. मग त्या बाई म्हणाल्या की हरकत नाही, दोन्ही मतं धरून सगळं गणित दोनदा करू. एकदा ते म्हातारे धरून, एकदा तरुण धरून. निष्कर्ष किती हलतो ते वाचणाऱ्यालाही दिसू दे. सर म्हणाले की पेपर लांबेल, पण ठीक आहे. मला विचारलं, प्रबंधाचं काय करशील? मी म्हटलं, तिथेही दोनदा करीन. माझा निष्कर्ष त्यामुळे अर्धवट वाटेल हे मला माहीत आहे. परीक्षक त्यावर नक्की विचारणार, आणि मला पुन्हा उभं राहून बोलावं लागणार.

तर ताई, पेपर जर्नलकडे गेलाय. तुझं मत तुझ्या नावाखाली आहे, माझं माझ्या. त्या भागाचं अवरक्त चित्र अजून यायचंय. अवरक्त प्रकाश धुळीतून आरपार येतो, तेव्हा जाळीच्या आत काय आहे ते दिसेलच. कधी येईल सांगता येत नाही, दुर्बिणीच्या रांगेत आपल्या आधी बरेच आहेत. आल्यावर तू बरोबर निघालीस तर मला आनंदच होईल असं मी लिहिणार होते. खोडलं. मला आनंद होणार नाही. मला राग येईल, पुन्हा ती चित्रं बघून कुठे चुकले ते शोधीन, आणि ते तुला सांगता येणार नाही याचं जे काय व्हायचं ते होईल. मी बरोबर निघाले तर त्याहून वाईट. समोर कोणी जीभ चावणारं नसेल.

पण म्हणून मी आधीच तुझ्या बाजूला येऊन उभी राहणार नाही. मी माझं मत तसंच ठेवलंय. हरायचं असेल तर मला तुझ्याशी खरोखर हरायचं आहे.